सरांच्या नावापुढचं बटण

…आणि वर म्हणतात कसे, ‘आपल्या सहलेखकांना उद्या साडेपाचच्या आत बटण दाबायला सांगावे’! अहो, सांगू कुठून? सहलेखकांना जाऊन पाच दिवस झाले! जाऊन म्हणजे… गेले. वारले. आदर्शनगरच्या स्मशानात मी स्वतः खांदा दिलाय. आता कुणाला सांगू, बटण दाबा म्हणून?

तुम्हाला सांगतो, पेपर लिहिणं सोपं हो, पाठवणं अवघड!

थांबा, नीट सांगतो. मी निलय, मूळचा कऱ्हाडचा. जयपुरात सीतापुऱ्याला आयटी कंपनीत नोकरी, आणि नोकरी सांभाळून डेटाबेसमध्ये पीएचडी. सात वर्षं! सात वर्षांत लोकांची लग्नं होऊन घटस्फोटसुद्धा होतात. शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं, यंदा एका मोठ्या परिषदेत एक तरी पेपर, म्हणजे शोधनिबंध, मंजूर करून आणा, नाहीतर नाव रद्द. माझे गाईड सर्जेराव घोरपडे सर. फलटणचे, पण तीस वर्षं जयपुरात, रोज बसनं चाकसूच्या अलीकडच्या एका कॉलेजात शिकवायला जायचे. एका स्वल्पविरामासाठी दोन-दोन तास भांडणारा माणूस! म्हणायचे, “निलय, हे वाक्य कुणी लिहिलंय? तू का मी? कारण दोघांपैकी एकालाही ते कळलेलं नाही.”

आता परिषदेला पेपर पाठवायचा म्हणजे एका दमात नाही. आधी नुसता सारांश आणि लेखकांची नावं पाठवायची. आठ दिवसांनी पूर्ण पेपर. आणि एकदा नावं दिली की बदल नाही! त्यात प्रत्येक लेखकानं आपापल्या खात्यात जाऊन बटण दाबायचं, की होय, हा पेपर माझाच. एकानं जरी नाही दाबलं तरी पेपर न वाचता बाहेर. सारांश गेला रविवारी. मी बटण दाबलं. सर म्हणाले, “दाबतो रे सावकाश, आठ दिवस आहेत.”

मंगळवारी कॉलेजात, स्टाफरूममध्ये, चहाचा कप हातात असताना गेले. कप म्हणे फुटलासुद्धा नाही.

मी परिषदेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. सर वारले, त्यांचं बटण राहिलं, काय करू? उत्तर आलं, ‘आपल्या दुःखात सहभागी आहोत. आपल्या सहलेखकांना उद्या साडेपाचच्या आत बटण दाबायला सांगावे.’ दुःखात सहभागी! मी पुन्हा लिहिलं, मग त्यांचं नाव काढू का? ‘नाव काढण्यासाठी संबंधित लेखकाची लेखी संमती जोडावी.’ आता बोला! संमती आणायला मी कुठं जाऊ?

पेपर लिहिणं सोपं हो… पाठवणं!

आणि खरं सांगू? ते पत्र लिहिल्यावर माझी मलाच लाज वाटली. सात वर्षं त्या माणसानं माझा एकेक शब्द सरळ केला, आणि मी पाच दिवसांत नाव खोडायला निघालो.

राहिला एकच मार्ग. सरांचा फोन. खात्यात शिरायला ओटीपी त्याच्यावर येणार, आणि फोन मानसरोवरला, सरांच्या घरी, त्यांच्या पत्नी इंदुमतीकाकूंजवळ. बायको म्हणाली, “सुतकाच्या घरात तू लॅपटॉप घेऊन जाणार? जनाची नाही तर मनाची…” म्हटलं, कस्तुरी, दोन्ही सोडून चाललोय. मुदत आजचीच आहे. पृथ्वीच्या पाठीवर शेवटी जिथे दिवस मावळतो ना, पॅसिफिकमधलं कुठलंसं निर्मनुष्य बेट, तिथलं घड्याळ धरतात हे लोक. माणूस नाही तिथं! त्या बेटावर रविवारी रात्रीचे बारा, म्हणजे आपल्याकडे आज, सोमवारी, संध्याकाळचे साडेपाच.

गेलो. चार वाजले होते. बैठकीत बगरूच्या छापाच्या चादरी अंथरलेल्या, कॉलनीतली माणसं भेटायला येतायत, उठतायत, आणि मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन. शेजारचे गुप्ताजी वाकून हळूच विचारतात, “बीमे वाले हो भैया?” मी म्हटलं, नही जी, विद्यार्थी हूँ. त्यांनी माझ्या पिकलेल्या केसांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

काकूंना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हाकलणार. काकू शांतपणे उठल्या, आतून फोन आणला आणि उलटा केला. पाठीवर चिकटपट्टीनं चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पासवर्ड! तीस वर्षं मुलांना माहितीची सुरक्षा शिकवली हो या माणसानं!

फोन उघडला तर पहिला निरोप कॉलेजच्या ग्रुपवरचा, ‘घोरपडे सर, आपली बुधवारची हजेरी लागलेली नाही.’

काकूंनी तो वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “तुझं काय ते सांग.”

ओटीपी आला, आत शिरलो, आणि बटणाच्या आधी… यादी! पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांची, दोनशे नावांची. त्यात तुमच्या ओळखीचे, एकत्र काम केलेले, जवळचे कोण, त्यांच्यापुढे खूण करा, म्हणजे त्यांच्याकडे हा पेपर जाणार नाही. वर इंग्रजीत ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिलेलं. काकू शाळेत इंग्रजी शिकवायच्या. चष्मा लावून म्हणाल्या, “कॉन्फ्लिक्ट म्हणजे भांडणच ना? मग हा घे. ह्याच्याशी हैदराबादेत कडाक्याचं झालं होतं. लाव खूण. आणि ही बाई, हिनं ह्यांना भाषणात मध्येच खाली बसवलं होतं. लाव. हा? हा तर…”

“काकू, काकू! भांडणं नाहीत. उलट. सरांच्या जवळचे कोण, ते सांगायचंय.”

“असं होय.” त्यांनी सगळ्या खुणा काढायला लावल्या. मग बोट ठेवून एकेक नाव वाचत गेल्या. पाच वाजले. पाच दहा. मला घाम फुटलेला, आणि काकूंचं बोट आपलं सावकाश खाली चाललंय… दोनशेव्या नावावर थांबलं.

“कोणी नाही रे,” म्हणाल्या. “ह्यांच्या जवळचं ह्यात कोणीच नाही.”

मी म्हटलं, बरं झालं, खुणा करायचा वेळ वाचला. असं बोलतं का कोणी? पण बोललो.

शेवटी चौकट आली, ‘मी स्वतः लेखक असून वरील मजकूर मला मान्य आहे.’ माझा हात अडला. म्हटलं, काकू, हे खोटं होईल. काकू म्हणाल्या, “रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंत ह्यांचे सगळे फॉर्म मीच भरले. सरक तिकडे.” आणि बटण दाबलं. पाच वाजून एकवीस मिनिटं!

पेपर गेला. मी त्या चादरीवर बसून रडलो. गुप्ताजींनी पाणी आणून दिलं.

तीन महिन्यांनी निकाल. नामंजूर! पहिला तज्ज्ञ म्हणतो, कल्पना बरी, प्रयोग तोकडे. दुसरा म्हणतो, आकृती तीनमधली अक्षरं बारीक. आणि तिसरा… आता नियम असा, की तपासणाऱ्याला लेखक कोण ते कळत नाही. तिसरा लिहितो, ‘या विषयावर घोरपडे यांनी पंधरा वर्षांपूर्वी मूलभूत काम केले आहे. प्रस्तुत लेखकांना ते मुळीच समजलेले दिसत नाही. त्यांनी घोरपडे यांच्याशी संपर्क साधावा.’

संपर्क साधावा!

विद्यापीठानं माझं नाव काढलं. त्याचं पत्र लगेच आलं, त्याला कुणाची संमती लागली नाही. मी मानसरोवरला गेलो, काकूंना सगळं वाचून दाखवलं. तिसऱ्याचा मजकूर त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

“म्हणजे ह्यांचं काम कुणीतरी वाचलंय?”

“हो काकू. अगदी बारकाईनं.”

“मग त्याला कळवायला हवं, हे गेले म्हणून. नाव काय त्याचं?”

म्हटलं, नाव नाही सांगत ते. गुप्त असतं.

काकूंनी तो कागद माझ्या हातातून घेतला. मग घडी घालून तो सरांच्या पुस्तकांत ठेवून दिला.

तर असं झालं बघा. अख्ख्या जगात सरांचं काम नीट समजलेला एक माणूस निघाला… आणि त्यानंच सरांना नापास केलं.