गोठ्यातल्या बाळाचे वाळे

मी खरं सांगत होते, पण जीपमधल्या एकानंही माझं ऐकलं न्हाय. सुनेच्या माहेरी, गोव्याला, नातवाचं बारसं होतं. त्याच्यासाठी हुपरीचे चांदीचे वाळे मी स्वतः पिशवीत ठेवले होते. वाटेत चहाला एका ख्रिस्ती गावात थांबलो. नाताळ होता. दारोदारी कागदी चांदण्या, आणि लाल डगल्यातला दाढीवाला पोरांना गोळ्या वाटत होता. चहा पिऊन बघते तर वाळे गायब!

"घरीच विसरलीस की," आमचे मालक म्हणाले.

"घरी कशाला विसरते? त्या दाढीवाल्याला धरा. फुकट गोळ्या कोण वाटतंय?"

त्यानं दाढी खाली ओढली. "मावशी, मी इथला शिंपी. बघा, डगल्याला खिसाच नाही."

तेवढ्यात माझी नजर चर्चपुढच्या गवताच्या गोठ्यावर गेली. आत निजलेल्या मातीच्या बाळाच्या पायात माझेच वाळे!

मालकांनी मान खाली घातली. "तान्ह्या बाळाला रिकाम्या हातानं कसं बघायचं?"

"मग मी विसरले म्हणून का सांगितलं?"

"तू दिले असतेस व्हय?"

तीस वर्षांत उखाण्याबाहेर मालकांचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवशी भर चौकात वरडले, "दत्तात्रय!"