उजनीकडची खिडकी

आमच्या आईचं सांगतो. तिला विमानानं पुण्यावरनं हैदराबादला न्यायचं ठरलं, तर तिची एकच अट. "उजव्या अंगाची खिडकी पायजे, पंखाच्या मागली. उजनीचं पाणी दिसलं पायजे." तिचं माहेर त्या धरणात गेलंय, ती लहान असताना.

तीच सीट घेतली. जाऊन बघतो तर तिथं एक साहेब बसलेला.

"मावशी, तुम्ही मधे बसा ना. मला टेकून झोपायचंय."

"ही जागा माझी हाय."

"तासाभराचा तर प्रश्न आहे, ॲडजस्ट करा की."

आई उभीच. "एकदा केलंय ॲडजस्ट. धरणासाठी उठा म्हणले, आख्खं गाव उठलं. आज तुमी उठायचं."