नऊ बेचाळीसची नोंद

अपेक्षा : ढग होते? सोलापुरात, एप्रिलमध्ये? कुंडलिकमामा, मंगळवारी कॉलेजच्या गच्चीवर पाय भाजत होते.

कुंडलिक : मग नसतील. वय झालं माजं, मॅडम.

अपेक्षा : बावीस वर्षं तुम्ही त्या लाल फिल्टरच्या दुर्बिणीतून सूर्य बघून वहीत चित्र काढता. नेमकं मंगळवारचंच नाही?

कुंडलिक : तुमच्याकडं उपग्रहाची चित्रं हाईत की. पोरंबी तितंच असत्यात. गच्चीवर कोन येतंय आता?

अपेक्षा : त्या चित्रांत सूर्यच झाकलेला असतो, मामा. तबकडी आड धरतात, तेव्हा भोवतीचं प्रभामंडल दिसतं. मंगळवारी त्यातून केवढा तरी झोत उसळला. पण सुटला कुठून, किती वाजता, ते सगळं तबकडीआड. आणि बाकीच्या वेधशाळांच्या नोंदीत नेमका तेव्हाच खंड पडलाय.

कुंडलिक : नऊ बेचाळीसला सुटला.

अपेक्षा : काय म्हणालात?

कुंडलिक : सूर्याच्या डाव्या अंगाला काळा दोरा दिसत हुता, चार दिस. नऊ बेचाळीसला वर उचलला. धाला बगतोय तर जागा मोकळी.

अपेक्षा : म्हणजे पाहिलंत! वही द्या. पाचपर्यंत अहवाल बेंगळुरूच्या संस्थेला जायला हवा.

कुंडलिक : तुमचा अहवाल. मागल्या येळी काय लिवलं हुतं? ‘प्रयोगशाळा सेवकांचे आभार.’ सेवकाला नाव नसतंय व्हय?

अपेक्षा : चुकलं माझं.

कुंडलिक : तुमी यायच्या आदी पोरं माज्या मागं जिना चडायची. ‘मामा, आज डाग किती?’ दोन वर्सात सूर्य तुमचा झाला. जळतो मी तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? लई जळतो.

अपेक्षा : जळा खुशाल. पण हे अहवालाचं पहिलं पान बघा. निरीक्षक कोण, वाचा.

कुंडलिक : कुंडलिक प्रभु माने... कवा लिवलं हे?

अपेक्षा : आज सकाळी. तुम्ही बघितल्याशिवाय राहिला नसणार, एवढं माहीत होतं मला.

(कुंडलिक कपाटातून वही काढून देतो. वहीत सोमवारनंतर एकदम बुधवार आहे.)

अपेक्षा : मंगळवारचं पान?

कुंडलिक : फाडलं. काल तुमी पडद्यावर तो झोत दावत हुता. पोरं टाळ्या वाजवत हुती. माजं डोस्कंच फिरलं. घरी नेऊन बंबात घातलं.

अपेक्षा : मामा, काय केलंत हे!

कुंडलिक : कागद द्या. समदं डोळ्यांपुडं हाय. आत्ता काडून देतो, रेघ न् रेघ.

अपेक्षा : आज काढलेलं चालत नाही. त्या वेळी काढलेलं असेल, तीच नोंद.

कुंडलिक : पन मी बगितलंय की.

अपेक्षा : मी मानते, मामा. बेंगळुरूवाले नाही मानणार. नाव खोडावं लागेल.

कुंडलिक : खोडा. बावीस वर्सात तसं पैल्यांदाच दिसलं हुतं मला.