मंजुळा अजून लटकलेली

अमळनेरहून निघालेल्या धुळ्याच्या एसटीत मागच्या सीटवर कॉलेजचे दोन जुने सोबती भेटले, अन् पुढच्या सीटवरच्या द्रौपदाबाईंचे कान तिकडेच लागले.

“प्रशील, तुमच्या ग्रुपात मलाही घे ना रे.”

“घेतो, कोकिळा. पण तिथं सगळं फोनवर लिहूनच खेळायचं.”

“कँटीनमध्ये फासे टाकून गोष्ट रचायचो, तोच खेळ ना? त्या गोष्टीतली माझी मंजुळा केव्हाच मेली असेल.”

“तिला दरीत दोराला लटकवून तू सासरी गेलीस. तुझ्याशिवाय तिला मारायचं नाही, असं ठरलं आमचं. अजून लटकलीय.”

“अजून?”

“तू येशील म्हणून. चल, फोनवर फासा टाक, चढव तिला वर.”

“दान वाईट आलं तर पडेल रे ती!”

द्रौपदाबाई गर्रकन वळल्या.

“टाक ना माय तो फासा! हात दुखत व्हतीन ना तिना!”