चार बोटं वर

मैत्री : नुसत्या गरम पाण्याच्या पिशवीनं नाही भागत, आत्या. आज शाळेत मॅडमनी दाखवलं तसं दाब ना. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडापासून...

चंपा : चार बोटं वर. माहितेय.

मैत्री : मग दाब की.

चंपा : तुझी आई येऊ दे.

मैत्री : मम्मीच्या ऑफिसात आज सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. हिंजवडीहून विश्रांतवाडीला यायला नऊ वाजतील. आणि मसाजच आहे, ऑपरेशन नाही.

चंपा : आधी सांग, कुठं दुखतंय? उजवीकडे?

मैत्री : मधे, खाली. आणि कंबर. दर महिन्यासारखंच.

चंपा : ताप? उलटी? पाळी आली, की यायचीये अजून?

मैत्री : सकाळीच आली. ताप नाही. किती प्रश्न गं!

चंपा : एकदा विचारले नव्हते.

मैत्री : निकिताताईला?

चंपा : तुला कोणी सांगितलं?

मैत्री : कोणीच नाही. तुझ्या खोलीत तिचा फोटो आहे आणि मी विचारलं की पप्पा उठून जातात.

चंपा : तुझ्याएवढीच होती माझी पोर. आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. हे दाबणं मी एका शिबिरात शिकून आले. लाइनीतल्या सगळ्या पोरी माझ्याकडे यायच्या. चंपाबाईंच्या हाताला गुण आहे म्हणायच्या, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं. निकिताची पाळीची तारीख जवळ आली होती. पोट दुखतंय म्हणाली. मी पाळीचंच धरलं. पाय मांडीवर घेतला आणि दोन दिवस दाबत बसले.

मैत्री : मग?

चंपा : तिसऱ्या दिवशी दुपारी म्हणाली, आई, थांबलं दुखायचं, बरं वाटतंय. मी शेजारणीला बोलावून दाखवलं. शिरासुद्धा केला.

मैत्री : म्हणजे बरी झाली होती ना?

चंपा : अपेंडिक्स होतं ते. फुटलं होतं. फुटलं की थोडा वेळ दुखायचं थांबतं, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं.

मैत्री : तू मुद्दाम नाही केलंस, आत्या.

चंपा : सगळे तेच म्हणतात. पण तिचा पाय अजून असतो माझ्या मांडीवर. भाजी निवडायला बसले तरी जड लागतो.

मैत्री : आज माझा ठेव.

चंपा : (मांडी घालत) आण इकडे. पण दुखणं वाढलं, नाहीतर उजवीकडे सरकलं, तर लगेच सांगायचं. मी रिक्षा बोलावणार, मग तुझी आई काहीही म्हणो.

मैत्री : सांगेन. जरा जोरात. हां, तिथंच. किती नेमकं सापडलं तुला.

चंपा : बोटं विसरत नाहीत.

मैत्री : आता दुसरा पाय.

चंपा : कसं वाटतंय?

मैत्री : बरं वा...

चंपा : बोल की.

मैत्री : थोडं दुखतंय अजून, आत्या.

चंपा : असू दे. थोडं असू दे.