अमावस्येला थांबलेलं बटण

सर्व्हरला शिव्या घालायच्या आधी माझं ऐका.

लोहाऱ्यातल्या चुलतभावाच्या मळणी यंत्राचं बुकिंग घ्यायला मी एक वेबसाईट बनवून दिली. आठवडाभर झकास चालली. मग एका सकाळी फोनवर फोन. लोकांनी फॉर्म सगळा भरलेला, पण शेवटचं 'नक्की करा' बटण दाबलं की उत्तर यायचं, 'वेळ संपली, पुन्हा भरा.'

सर्व्हर बघितला, कोड बघितला. स्वतः फॉर्म भरला, तर बुकिंग एका झटक्यात झालं! मग यांचंच का होईना? मला काय चैन पडेना. सास्तूरच्या बापूमामांना फोन लावला.

"मामा, फॉर्म कधी भरला तुम्ही?"

"काल दुपारी."

"आन् बटण?"

"आत्ता, आंघोळ करून."

"तवर पान तसंच उघडं ठिवलं? का?"

"आरं, काल अमावस्या व्हती. नाव-गाव लिहायला हरकत न्हाय, पण अमावस्येला काम पक्कं कुणी करतंय व्हय?"

बाकीच्यांना विचारलं, तर सगळ्यांचं तेच. आणि माझी वेबसाईट भरलेला फॉर्म अर्ध्या तासात विसरत होती.

लगेच मुदत वाढवून तीन दिवसांची केली. आमचा सर्व्हर पुण्याहून सांभाळणारी रेवती ते बघून म्हणाली, "अरे, फॉर्म एवढा वेळ उघडा कशाला? एक दिवस पुरे की!"

म्हटलं, "न्हाय पुरत. कधीकधी अमावस्या दोन दिवस असती."