बावन्नावी मॅडम

आईची तेरवी आटोपून निघालेल्या रंजीताच्या मागे, चामोर्शीच्या बसमध्ये, मायलेकी बोलत होत्या.

“माय, लागलं पोस्टडॉक! जर्मनीतल्या लॅबमंधी!”

“पीएचडी झाली ना? अजून शिकाचंच?”

“आता पगारी संशोधन.”

“पन एकावन्न प्रोफेसराईनं तं उत्तरच नाई देल्लं.”

“त्याईले एकच मेल पाठवला होता, नावं बदलून. बावन्नाव्या मॅडमले तुह्या सात्यांबद्दल लिहिलं.”

“वारुळावरच्या छत्र्या? भाजीच्या?”

“हो. कोनत्या वारुळावर कधी निघतेत, ते सारं. मॅडम म्हने, हे पुस्तकात नाई, कोनं शिकवलं?”

“मंग?”

“म्हटलं, अंजनाबाई, माही माय. शोधनिबंधात तुहंबी नाव टाकू म्हनते.”

रंजीताचा थांबा आला. ती उठली नाही.

“टाकू दे. पन सांगजो तिले, सात्या काढताना वारूळ फोडाचं नाई. अंजनाबाईनं सांगतलं म्हनाव.”